हलका हात

पिंपळदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला आलेली माणसं आधी दारातूनच विचारायची, माधुरीबाई हायेत का? असल्या तर बाकावर टेकायची. नसल्या तर अंगात ताप फणफणत असला तरी उद्या येतो म्हणून चालती व्हायची. पारनेर तालुक्यातल्या त्या आडबाजूच्या गावात डॉक्टर येत होते, बदलून जात होते; रक्त घेणारी बाई मात्र पंधरा वर्षं तीच होती.

तिचा हात हलका होता. दोन बोटांनी शीर चाचपत ती विचारायची, आज काय भाजी केली? समोरची बाई गवार म्हणायची, गवारीत कूट घातला का तेही सांगायची, आणि तेवढ्यात सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. तान्ह्या पोरांची शीर सापडत नाही म्हणून शेजारच्या गावांतूनही तिच्याकडे पोरं आणत.

हा हात ती माहेराहून घेऊन आली नव्हती. नेवाशाहून लग्न होऊन आली तेव्हा ती बारावी झालेली होती, मार्क चांगले होते, आणि वर्षभरात कडेवर लेक आली होती. सासू कलाबाई रोजानं खुरपायला जाणारी, अक्षराची ओळख नसलेली. सुनेला लॅबचा कोर्स करायचाय हे मुलाकडून, म्हणजे सुनीलकडून कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की एसटी किती वाजता हाय. दोन वर्षं माधुरी रोज नगरला जाऊन येत होती आणि नात कलाबाईच्या पाठीला बांधलेली, वाटाण्याच्या, कांद्याच्या वावरातून फिरत होती. गल्लीतल्या बाया टोमणे मारायच्या, की सून मॅडम व्हनार आन तू जलमभर खुरपंच धर. त्यावर कलाबाईचं उत्तर ठरलेलं होतं.

"माज्या हाताला खुरपं बसलंय. तिच्या हाताला सुई बसंल."

ती सुई बसली कलाबाईच्याच हातावर. कोर्सच्या पहिल्या वर्षी माधुरीला सरावाला हात मिळेना. कलाबाईनं जेवण झाल्यावर चूल सारवायच्या आधी दंडापर्यंत बाही सारली आणि हात पुढं केला. पहिल्यांदा शीर निसटली. दुसऱ्यांदा सुई आरपार गेली. तिसऱ्यांदा रक्त आलं, पण कोपरापाशी जांभळाएवढा डाग धरला आणि तो पंधरा दिवस हिरवा-काळा होत राहिला. त्या हातानं कलाबाई खुरपत राहिली, कुणी विचारलं तर गाईनं ढुशी दिली म्हणाली. माधुरीनं तेव्हा कानाला खडा लावला, की या बाईला आपल्या हातून पुन्हा दुखवायचं नाही. पुढं सासूचं रक्त तपासायची वेळ अनेकदा आली, पण सुई टोचल्याचं तिला कधी कळलंसुद्धा नाही.

मग कोरोना आला. नगरला दोन दिवसांचं शिक्षण झालं. स्वॅबची काडी नाकातून सरळ मागं न्यायची, वर नाही. अडेपर्यंत न्यायची. नाकपुडीपासून कानापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निम्मं आत गेलं पाहिजे. तिथं ती फिरवत दहा आकडे मोजायचे. मग गुलाबी पाण्याच्या नळीत काडी बुडवून मोडायची, झाकण लावायचं, नाव टाकायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं. संध्याकाळच्या गाडीनं डबा नगरला. शिकवणारे डॉक्टर पुनःपुन्हा एकच सांगत होते, की यात दया दाखवू नका. काडी पोचली नाही तर आजार असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि तो माणूस घर भरून आजार वाटत फिरतो.

माधुरीनं ते तंतोतंत पाळलं. प्लॅस्टिकच्या पोशाखात घामानं निथळत, सकाळपासून पाण्याचा घोट न घेता ती लिंबाखालच्या खुर्चीसमोर उभी राहायची. माणसं तिचं मनगट धरायची, शिव्या घालायची, एका बाप्यानं तर लाथ मारली. ती दहा म्हटल्याशिवाय काडी काढत नव्हती. भाजीचं विचारणं बंद पडलं, कारण नाकात काडी असताना समोरच्याला बोलता येत नसे. वर्षभरापूर्वी तिची वाट बघत बसणारी माणसं आता ती रस्त्यानं आली की पलीकडच्या बाजूला सरकायची.

दुसऱ्या वर्षीचा एप्रिल पहिल्यापेक्षा वाईट निघाला. चौदा एप्रिलची जयंती लोकांनी घरातच मेणबत्ती लावून केली. गल्लीतले काकासाहेब आपल्या पायानं ॲम्ब्युलन्समध्ये चढले आणि चौथ्या दिवशी नगरच्या अमरधाममधून फोन आला. मुलांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्याच आठवड्यात कांदा काढायला गेलेल्या बायांपैकी दोघींना ताप आला, आणि त्यानंतर कलाबाईला.

ती घोंगडी घेऊन पडवीत पडली आणि बजावून सांगितलं, की काय व्हायचं ते हितंच होऊ द्या, मला त्या गाडीत घालू नका. सुनील कांद्याचा टेम्पो चालवायचा, गावोगाव फिरलेला. काय चाललंय ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं दोन दिवस आईची मनधरणी केली. शेवटी ती तयार झाली, पण एका अटीवर.

"काडी माधुरीच घालंल. दुसऱ्याला मी नाकाला हात लावू देनार न्हाई."

पंधरा मिनिटांत रिपोर्ट देणारी अँटिजेनची किट त्या आठवड्यात संपली होती. नळीतला स्वॅब नगरला पाठवायचा, तीन दिवस थांबायचं, एवढंच हातात होतं. कलाबाई रांगेत उभी राहिली, मागं तीसेक माणसं. खुर्चीवर बसल्यावर तिनं पोशाखातल्या बाईकडं निरखून पाहिलं, आवाजावरून ओळख पटली तशी जरा हसली. डाव्या नाकपुडीत चमकी होती, म्हणून माधुरीनं उजवी धरली.

काडी दोन बोटं आत गेली असेल नसेल, कलाबाईनं तिचं मनगट पकडलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बास पोरी. बास."

अशी मनगटं माधुरीनं वर्षभरात शेकड्यांनी सोडवली होती. पण या हाताची बाही वर सरली होती, आणि कोपराची ती बाजू तिच्या नजरेसमोर होती. डाग कधीच गेलेला, तरी तिला तो दिसला. तिनं काडी होती तिथंच दोनदा फिरवली. तीन आकडे झाले. तिनं काडी काढली, नळीत मोडली, नाव टाकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी यादी आली. कलाबाईच्या नावापुढं निगेटिव्ह होतं.

घराचा जीव भांड्यात पडला. सुनीलनं तालुक्याहून तो कागद छापून आणला आणि आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो बराच वेळ पाहिला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. तिचं वेगळं ताट धुऊन मांडणीवर गेलं. नात पुन्हा आजीजवळ झोपायला लागली. छातीचा फोटो काढू म्हणून सुनील म्हणत होता, ते आपोआप मागं पडलं. ताप उतरला नव्हता, पण तो टायफॉइड असेल असं सगळ्यांनी धरलं आणि कलाबाई भिंतीपलीकडच्या शेजारणीला सांगत होती, "माज्या सुनंनं घेतलं. जरासुदिक दुखलं न्हाई."

माधुरी चुलीपुढं होती. तिच्या हातातली भाकर परातीतच राहिली.

न दुखलेला स्वॅब म्हणजे काय, हे त्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याच दिवशी तिनं दवाखान्यात सात जणांना समजावलं होतं, की ताप जात नसेल तर निगेटिव्ह कागदावर विसंबू नका, परत या. घरी येऊन मात्र ती काही बोलली नाही. सांगायचं तर का सांगावं लागतंय तेही सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर ती गाडी दारात आली असती. सकाळी बोलू असं तिनं ठरवलं. सकाळी कलाबाई अंगण झाडताना दिसली. झाडणारं माणूस बरंच असेल, असं तिला वाटलं, म्हणजे तिनं वाटून घेतलं. तो कागद खरा असावा अशी तिची स्वतःचीच इच्छा होती. त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी कलाबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली ती उठेना. धाप लागलेली, ओठ निळसर. माधुरीनं बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी होता.

आरोग्यसेवक रिझवान नव्यानं आलेली किट घेऊन घरीच आला. ताई, तुम्ही बाजूला व्हा, मी घेतो, म्हणाला आणि त्यानं काडी पुरती आत नेली. पट्टीवर दुसरी रेघ उमटायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

ॲम्ब्युलन्समध्ये चढताना कलाबाईनं कमरेची पिशवी सोडली. घडी घातलेला कागद काढून तिनं गाडीवाल्या माणसापुढं धरला.

"बघ बाबा, माजा रिपोट चांगला हाय. चुकून नेत असशील."

गाडीवाल्यानं कागद हातात घेतला नाही. सुनीलनं तो घेतला, खिशात ठेवला आणि आईला आत बसवलं. नगरमध्ये तीन दवाखाने फिरल्यावर संध्याकाळी एका ठिकाणी ऑक्सिजनचा पलंग मिळाला. जरा आधी आणलं असतं तर, एवढं तिथला डॉक्टर बोलला आणि पुढच्या पेशंटकडं वळला.

दुसऱ्या दिवशी घरातल्यांचे स्वॅब घ्यायचे होते. रिझवान दुसऱ्या गावी गेला होता. माधुरीची आणि लेकीची तपासणी सकाळी डॉक्टरांनी केली, दोघी निगेटिव्ह निघाल्या. उशिरा सुनील आला, तो तिच्या खुर्चीवर बसला. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांकडं इतकं सरळ क्वचितच पाहिलं असेल. तिनं काडी आत नेली, अडेपर्यंत. त्याचे पाय ताणले गेले, डोळे भरून वाहिले, पण त्यानं तिचं मनगट धरलं नाही. ती दहापर्यंत मोजत राहिली. काडी बाहेर आली तेव्हा तो बाहीनं डोळे पुसत होता. मग तो हळू आवाजात म्हणाला,

"आईचं बी असंच घेतलं हुतंस?"

माधुरीनं काडी नळीत मोडली. झाकण लावलं.

"नाही," ती म्हणाली.

मागच्या माणसानं खाकरल्यावर सुनील उठला. रोज तिला दवाखान्यात सोडणारी आणि न्यायला येणारी मोटारसायकल त्या संध्याकाळी आली नाही. ती चालत घरी गेली.

कलाबाई पाचव्या दिवशी गेली. सुनीलचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता; त्याला लांबून, जाळीच्या पलीकडून निळी पिशवी दिसली. दवाखान्यातून तिच्या वस्तू प्लॅस्टिकमध्ये बांधून मिळाल्या: लुगडं, रिकामी कमरेची पिशवी, चमकी.

पुण्यानुमोदनाला परवानगीपुरती दहा-बारा माणसं पडवीत अंतर ठेवून बसली होती. बुद्धवंदना झाली. कलाबाईचा भाऊ आसाराम राहुरीहून आला होता. बहिणीनं त्याला लहानपणी कडेवर वाढवलं होतं आणि त्याला कुणावर तरी राग काढायचा होता. नगरच्या लॅबवाल्यांना कोर्टात खेचलं पाहिजे, म्हणाला. माणूस मरायला टेकलंय आन हे निगेटिव्ह लिव्हून देत्यात, माणसाची किंमत न्हाई यांना. बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणी तरी असंच झालेल्या दुसऱ्या गावची हकीकत सुरू केली.

सुनील खाली बघत बसला होता. तो म्हणाला, "मामा, लॅबची चूक न्हाई."

"मंग कुनाची?"

सुनीलला सांगता आलं असतं, आणि त्यानं सांगितलं नाही. माधुरी चहाच्या कपांचा थाळा घेऊन दारात उभी होती. तो तिनं खाली ठेवला.

"माझी मामा. मी काडी आतपर्यंत घातलीच नाही. आत्या बास म्हणाल्या, मी थांबले."

आसाराम तिच्याकडं बघत राहिला. ही पोर एसटीनं नगरला जायची तेव्हा तिच्या पुस्तकांसाठी पत्र्याची पेटी त्यानंच आणून दिली होती. मग तो उठला, पायांत चपला घातल्या आणि निघून गेला. त्याचा चहा थाळ्यात तसाच राहिला, वर साय धरून. सुनीलनं तिला पुढं कधी एक शब्द विचारला नाही, की दोष दिला नाही. कलाबाईचा तो घडीचा कागद त्यानं कुठं ठेवला, हे माधुरीला माहीत नाही. तिनं शोधलाही नाही.

सोमवारी ती कामावर गेली. चालतच. लिंबाखाली रांग होती. दुपारी एक म्हातारी खुर्चीवर बसली, हाताला मातीच्या भेगा, नाकात चमकी. सोबत तिची सून होती. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, की आमच्या आत्या लई घाबरट हायेत, जरा सांभाळून घ्या बाई, तुमचा हात हलका हाय म्हनत्यात.

माधुरीनं म्हातारीची मान मागं टेकवली. काडी आत गेली. चौथ्या आकड्याला म्हातारीनं तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि कळवळून बास म्हणाली. सूनही पुढं झाली, सोडा की हो म्हणाली, कसलं दगडाचं काळीज तुमचं.

"पाच," माधुरी म्हणाली. "सहा."