झेंडूची वाट

होळी गावात राहणारी माझी थोरली बहीण भ्रमिष्ट झाली आहे, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. गेली काही वर्षं सर्वपित्रीच्या सकाळी ती फाटकापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्या टाकते आणि दार सताड उघडं ठेवते. भाच्याने डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. आता ती दुपारभर पेंगते. याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी बोललो नाही.

माझी लेक नोकरीसाठी मेक्सिकोत असते. निवृत्तीनंतर काही महिने तिच्याकडे राहून आलो, तेव्हा डोकं तिथल्याच गोष्टींनी भरलेलं होतं. एव्हरशाईन या वसाहतीतल्या आमच्या सोसायटीत मी रविवारी मुलांना गोष्टी सांगत असे. जुन्या गोष्टी त्यांना पाठ झाल्या होत्या. म्हातारी लेकीकडे निघाली म्हटलं की वाघ कधी येणार आणि भोपळा कुठे घरंगळणार, हे मुलंच मला सांगायची. म्हणून मी म्हातारीला मेक्सिकोत नेलं. वाघाचा जॅग्वार झाला, जंगलात निवडुंग उगवले, लेकीच्या घरी मक्याच्या भाकऱ्या आणि मिरची घातलेलं चॉकलेट आलं. भोपळा तेवढा तसाच ठेवला. तो मूळचा तिकडचाच, असं सांगितल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे तो माहेरी गेला, आजोबा." मुलं खूश होती. आईबाप मोबाईल धरून उभे राहू लागले, आणि मला ते फार आवडायचं.

मग एकदा मी शेवटही बदलला. मेक्सिकोत वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात, अशी समजूत आहे. त्यांना रस्ता सापडावा म्हणून दारापर्यंत झेंडू पसरतात. माझ्या नव्या गोष्टीत लेक वारलेली होती. म्हातारीला तिच्याकडे जाता येत नाही, म्हणून ती भोपळा गुळात शिजवून ठेवते, पाकळ्यांची वाट करते, आणि लेकच येते. पोटभर जेवते, आईची वेणी घालते, परत जाते.

त्या दिवशी ताई वाडीतला मोगरा द्यायला आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. तिची मुलगी फार पूर्वी, शाळेत असतानाच तापाने गेली होती. गोष्टीच्या ओघात मला ते आठवलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खोटं आहे. आठवलं होतं. गोष्ट रंगली होती, म्हणून थांबलो नाही.

मुलं पांगल्यावर ताईने आमच्या घरच्या बोलीत हळूच विचारलं, तिकडे खरंच येतात का. मी खुर्च्या उचलत होतो. मुलांशी बोलतो त्याच सुरात म्हणालो, "येतात की."

आपल्यात गेलेल्यांचा घास बाहेर ठेवतात, कुंपणाच्या भिंतीवर, कावळ्यासाठी. आत या, असं त्यांना कोणी म्हणत नाही. ताईने जन्मभर हेच पाळलं होतं. आत बोलावता येतं, हे तिला मी सांगितलं. मी तिचा शिकलेला, परदेश पाहून आलेला भाऊ.

यंदा सर्वपित्रीच्या आधी भाच्याचा फोन आला. त्याची बायको घाबरली होती, घरात लहान मूल आहे. गोळी वाढवायची आणि त्या दिवशी फाटकाला कुलूप घालायचं, असं त्यांचं ठरलं होतं. ताई माझं ऐकते, म्हणून मला बोलावलं होतं.

मी गेलो तेव्हा वाट अर्धी झाली होती. ओट्यावर बसून मी भाच्याला सगळं सांगितलं: गोष्ट, तो रविवार, माझं उत्तर.

"मामा," तो म्हणाला, "एवढी वर्षं मी तिला गोळ्या देतोय."

मला वाटलं होतं, ताई अंगणाच्या टोकाला आहे, तिला ऐकू जाणार नाही. ती टोपली घेऊन पायरीशी उभी होती.

"म्हणजे नाही येत?"

"नाही येत, ताई. मी उगाच बोललो होतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने टोपली खाली ठेवली, केरसुणी आणली आणि दारापासून फाटकाकडे पाकळ्या लोटत नेल्या. सून मदतीला उठली, तिला तिने हातानेच थांबवलं. दसऱ्याला विकली असती तर एवढी फुलं वाया गेली नसती, एवढंच म्हणाली. मग घासाचं पान नेऊन भिंतीवर ठेवलं, पूर्वी ठेवायची तसं.

शेवटी तिने फाटक ओढून घेतलं. कडीवर हात ठेवून ती जरा वेळ थांबली. मग मागे न बघता बाजूला झाली.

"कडी तू घाल," ती मला म्हणाली.