पाच माणसं, चार कॉफी

नारायणाने कॉफी संपवली, ग्लास उचलला आणि तो सरळ दुकानाच्या मागच्या नळाशी गेला. तिथे मालकीण भांडी घासत होती. तिच्या शेजारी वाकून त्याने आपला ग्लास घासला, विसळला. मग दाराबाहेर जाऊन भिंतीच्या कडेला पालथा ठेवला आणि परत येऊन आमच्यात बसला.

लास पाल्मासची गोष्ट. स्पॅनिश लोकांचं बंदर, भर दुपार. सुवेझचा कालवा बंद होता, म्हणून आमची बोट इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला निघाली होती. तेल भरायला थांबली, तेव्हा आम्ही पाच जण गावात उतरलो. सारंग, दोन जुने खलाशी, नारायण आणि मी. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. मालवणचा. मराठा.

मालकीण हसली. तिला वाटलं, काय सभ्य माणूस आहे. सारंग हसला नाही. त्याने नारायणाकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या ग्लासाकडे.

"खंयच्या वाडयेतलो रे तू?"

"तोंडवलीची म्हारवाडी."

नारायणाने काही लपवलं नव्हतं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. या फेरीला माणसं सारंगाने नाही, कंपनीच्या ऑफिसाने भरली होती, आणि गावावरून पडलेल्या आडनावात जात दिसत नाही.

"आणि इतके दीस आमच्या पंगतीक जेवलंस?" सारंग म्हणाला. "ऊठ. भायर बस."

नारायण उठला. बाहेर जाऊन पायरीवर बसला.

तो ग्लास त्याने का धुतला, हे मला कोणी सांगायला नको होतं. आमच्याकडे बाजारातल्या चहाच्या दुकानात आमचे कोप, म्हणजे कप, बाहेर वळचणीला असायचे. चहा वरून ओतायचे. प्यायचा, आपणच विसळायचा, पालथा ठेवायचा, चालू लागायचं. लहानपणापासून हात तेच करत आलेले. मी पहिल्यांदा ब्यूनस आयर्सला एका दुकानात बसलो, तेव्हा मीही ग्लास घेऊन उठलो होतो. अर्ध्या वाटेत भान आलं आणि गुपचूप मागे फिरलो. माझं नशीब, तेव्हा बरोबर कोणी गाववाला नव्हता.

होय, मीही त्याच जातीचा. बोटीवर मात्र मी मराठा होतो. एकदा खोटं सांगितलं, ते चाललं, मग तेच चालवलं. वर्षभर सारंगाच्या ताटाला ताट लावून जेवलो.

मला स्पॅनिश थोडं यायचं, म्हणून बोटीवर मान होता. रविवारी कपडे धुऊन झाले की नवशिके माझ्याभोवती बसायचे. मी शिकवायचो. काफे कोन लेचे, म्हणजे दुधाची कॉफी. सेर्बेसा, बिअर. आग्वा, पाणी. ऊनो, दोस, त्रेस, कुआत्रो, सिंको. शेवटी पोर फाबोर लावायचं, म्हणजे माणसं खूश होतात. बाकीचे शिव्या शिकवा म्हणायचे. नारायण तेवढा मन लावून शिकायचा. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, घरी बायको आणि एक मुलगी. शब्द त्याचे स्वच्छ. पण 'ऊन काफे' म्हणताना त्याची मान खाली जायची आणि आवाज पडायचा. ती मान मी ओळखली होती. मी त्याला म्हणायचो, "अरे, मान वर कर. हयसर मागूचा नसता, सांगूचा असता."

असा मी गुरू.

आणि त्या दुपारी त्याने तसंच सांगितलं होतं. मान वर करून, मालकिणीच्या डोळ्यांत बघून. पुढ्यात कॉफी आली तेव्हा माझ्याकडे बघून तो हसला होता. त्यानंतर दहा मिनिटांनी तो पायरीवर होता.

सारंगाला आणखी कॉफी हवी होती. तो मला म्हणाला, "चार सांग."

मी मालकिणीला म्हणालो, "कुआत्रो."

तिने आमच्याकडे बघितलं, पायरीवरच्या नारायणाकडे बघितलं आणि हाताची पाच बोटं दाखवली. "सिंको?"

नारायणाने मान वळवली. आकडे मीच शिकवले होते त्याला. त्याला सगळं कळत होतं.

"कुआत्रो," मी पुन्हा म्हणालो. वर म्हणालो, "पोर फाबोर."

ती कॉफी मी प्यालो. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. ग्लास तिथेच ठेवून उठलो.

बोटीवर नारायणाचं ताट वेगळं झालं. तो पुढच्या डेकवर दोरखंडांच्या ढिगाशी एकटा बसून जेवू लागला. चौथ्यापाचव्या दिवशी मी तिथून चाललो होतो. नजर चुकवूनच चाललो होतो. त्यानेच हाक मारली.

"तुमी कित्याक घाबरतास? माझी आते तुमच्याच वाडयेत दिलेली आसा. मुंबैत बोटीर चढलंय तेवाच तुमका वळाखलंय. मी कोणाक सांगूचंय नाय."

म्हणजे त्या दुकानात त्याला सगळं ठाऊक होतं. नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी पायरीवर दोघे बसलो असतो. त्याने दाखवलं नाही. माझं खोटं त्याने सांभाळलं आणि मी त्याला मोजलासुद्धा नाही. मला स्वतःची किळस आली. तरी नुसती मान हलवली आणि गेलो. जेवायला सारंगाशेजारीच बसलो. मला माझी भीती माहीत होती. माझा नीचपणा किती खोल आहे, ते त्या दिवसांत कळलं.

डर्बनला घरचं पत्र आलं. बाबांना लिहिता येत नव्हतं. वाडीतल्या शिकलेल्या एकाने त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. "गावातला मेललां ढोर ओढूचा आमी सोडलांव. गावान वाट बंद केली, काम बंद केला. तरी सोडलांव. तू थंय ताठ रव."

माझा बाप, पायात वहाण नसलेला, अख्ख्या गावासमोर ताठ उभा होता. आणि मी बूट घालून इथे वाकलो होतो.

दुपारी पंगत बसली. मी ताट घेऊन उभाच राहिलो.

"मी मराठो नाय," मी म्हणालो. "नारायणाच्याच जातीचो."

सारंगाचा घास हातात राहिला. "म्हणजे वरीसभर आमका बाटवलंस?"

"होय. वरीसभर जेवलास माझ्यावांगडा. काय झाला तुमका?"

एक जण उठून हात धुवायला गेला. सारंगाने शिव्या दिल्या, त्या मी पूर्ण ऐकून घेतल्या. मग ताट घेऊन पुढच्या डेकवर गेलो.

नारायणाने सरकून जागा केली नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाला, "उशीर केल्यात."

मी खाली बसलो. माफी मागितली नाही. त्याने माफ केलं असतं, तसा तो माणूस होता. मग मी सुटलो असतो. मला सुटायचं नव्हतं. आजही नाही.

मुंबईला उतरल्यावर सारंगाने दोघांची नावं पुढच्या फेरीतून काढायला लावली. नारायणाला दुसरी बोट मिळाली, पुन्हा भेटला नाही. मी तेव्हापासून कोणी विचारायची वाट बघत नाही. बोटीवर पाय ठेवला की आधी वाडी सांगतो, मग नाव. त्यापायी दोन सारंगांनी मला परत पाठवलं. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा घरात चूल थंड होती. बायको रागाने म्हणाली, "एकदा गप रवला असतात तर काय बिघाडला असता?"

मी म्हणालो, "एकदा रवलंय. आता मरेपर्यंत नाय."