चार महिन्यांची निवड

घड्याळजींच्या दुकानाला दुकान म्हणणं म्हणजे त्याला जरा मोठेपणाच देणं होतं. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली तीन बाजूंनी काच लावलेली एक खोपटी, आत एक स्टूल, एक दिवा आणि डोळ्याला भिंग लावून वाकलेला छप्पन वर्षांचा माणूस. पूर्वी लोक घड्याळं पोटातून दुरुस्त करायला आणायचे. आता आणायचे ते सेल बदलायला, नाहीतर पट्टा. तरी घड्याळजींची पद्धत बदलली नव्हती. कोणी उभ्या उभ्या मागे लागलं की ते मान वर न करता म्हणायचे, घाई असेल तर दुसरीकडे जा, मी नीट करतो.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. धाकटा भाऊ मालाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातून चार-पाच दिवस घरी. धाकट्याची बायको वारली तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. बाप रस्त्यावर, म्हणून त्या पोरीच्या वेण्या घालायला घड्याळजी शिकले. केसाच्या जाडीची स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस, पण पहिली वेणी घालायला त्यांना पाऊण तास लागला होता आणि पोरीची शाळा बुडाली होती. पुढे ती शिकली, दुसऱ्या गावी एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या नोकरीला लागली. एक आड एक रविवारी घरी यायची. दोघे भाऊ मात्र एका छपराखाली राहूनही एकमेकांशी फारसं बोलत नसत. भांडण असं काही नव्हतं. बोलायची सवयच लागली नव्हती.

मग एका सकाळी धाकट्याला ट्रकची किल्ली फिरवता येईना. त्याला वाटलं, कुलूपच अडकलंय. क्लीनरने एका बोटाने फिरवली. नंतर शर्टाचं बटण अडलं, नंतर चहाचा कप हातातून गेला. डॉक्टरांनी महिनाभर तपासण्या केल्या आणि मग दोघा भावांना समोर बसवून सरळ सांगितलं. नसा एकेक करून काम सोडणार. आधी हात, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. थांबवणारं औषध नाही. वर्ष, फार तर दीड वर्ष.

सव्वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस दोन खोल्यांत बसला. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. चढावर एखादी गाडी कण्हली की तो आपल्याशीच पुटपुटायचा, "अरे, खाली टाक ना गिअर."

एका रविवारी पुतणीने मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. कॉम्प्युटरवरचा खेळ होता. खराखुरा वाटणारा ट्रक, लांबच लांब रस्ते, माल भरायचा आणि वेळेत पोचवायचा. खेळणाऱ्याच्या हातात खरं स्टिअरिंग होतं, टेबलाला आवळून बसवलेलं. धाकट्याने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. चौथ्यांदा पाहताना म्हणाला, वळणावर फार आधी आत घेतोय हा, मागचं चाक चढणार. आणि खरंच ते चढलं.

साधा कॉम्प्युटर या खेळाला पुरत नाही आणि तयार मिळणारा आपल्या खिशाला झेपत नाही, पण एकेक भाग निवडून घरी जोडला तर जमेल, असं पुतणी म्हणाली. घड्याळजी म्हणाले, "मी बघतो."

आणि त्यांनी ते असं काही मनावर घेतलं, की घरच्यांनी तोंडात बोटं घालावीत. गावातल्या कॉम्प्युटरच्या भागांच्या दुकानात त्यांच्या चकरा सुरू झाल्या. दुकान चालवणारी बाई पस्तिशीची, तोंडाने फटकळ, पण कामात चोख. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काका, बजेट किती?" काकांनी आकडा सांगितला. ती म्हणाली, मग स्टूल घ्या आणि बसा, कारण एवढ्यात बसवायचं म्हणजे डोकं चालवावं लागेल.

घड्याळजींना डोकं चालवायला मिळालं, हीच मोठी गोष्ट होती. कितीतरी वर्षांत त्यांच्यासमोर नवीन यंत्र आलं नव्हतं. प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा, ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारा. चित्र काढणारा चपळ आणि हिशेब करणारा मंद असेल, तर चपळाने मंदाची वाट पाहत बसायचं, पैसे पाण्यात. हे त्यांना लगेच पटलं. घड्याळातही एक चाक उगाच भारी घालून चालत नाही. वीज पुरवणारा डबा स्वस्तातला घ्यायचा नाही, कारण तो जाताना बाकीच्यांना घेऊन जातो, हे बाईंनी बजावून सांगितलं. रॅम एकच मोठी घेण्यापेक्षा दोन लहान जोडीने बऱ्या. सगळं ते शिसपेन्सिलीने वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन धाकट्याला वाचून दाखवायचे.

धाकटा ऐकायचा, मधेच टोमणा मारायचा. मदरबोर्डचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, आई ठरली, आता बाप कधी बघायचा? काचेचं आणि आतून लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट बघून आल्याचं कळल्यावर म्हणाला, "दादा, ट्रकला दोन दिवे पुढे, दोन मागे. जास्तीचे लावतो तो ड्रायव्हर नवशिका." त्यावर दोघे हसले. पुतणी एकदा फोनवर म्हणाली, तुम्ही दोघे एवढं काय बोलता हो हल्ली? फोन कायम उचलायचा राहतो.

महिनाभरात बाकीचं सगळं ठरलं. अडलं ते कार्डापाशी. जे कार्ड बसत होतं त्याने खेळ चालला असता, पण रस्ता, झाडं, आरसे सगळं थोडं पुसट करून. त्याच्या वरचं हवं असेल तर थांबावं लागणार होतं. नवीन मॉडेल दोन महिन्यांत येतंय, ते आलं की आताच्याचा भाव उतरेल, अशी हवा होती. दुकानातल्या बाईंचं मत होतं की आहे ते घ्या. पुतणीही फोनवर म्हणाली, "मोठे काका, घेऊन टाका ना. अगदी जुना कॉम्प्युटर घेतला तरी चालेल."

घड्याळजींना ते पटेना. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू, ती अर्धवट कशी घ्यायची? धाकट्याने आरशात नीट बघायचं नाही का? त्यांनी धाकट्यालाच विचारलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "तू म्हणशील तसं. तू नीटच करशील."

मग थांबले. दोन महिन्यांचे अडीच झाले. नवीन मॉडेल आलं आणि जुन्याचा भाव उतरायच्या ऐवजी दुकानांतून मालच गायब झाला. आणखी तीन आठवडे गेले. त्या काळात धाकट्याला घास भरवावा लागू लागला. घड्याळजी चमच्याने भरवायचे आणि भरवताना कुठल्या कार्डाला किती पंखे आहेत ते सांगायचे. आपल्या डोळ्यांसमोर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं असं नाही. रोज अंघोळ घालताना तो हात त्यांच्याच हातात असायचा. पण हा हात आणि ते स्टिअरिंग यांची त्यांनी मनात गाठ पडू दिली नाही.

शेवटी कार्ड मिळालं. एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर पसरून घड्याळजी बसले. पुतणीही आली होती. धाकट्याला खुर्चीत उशा लावून समोर बसवलं. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, प्रोसेसर कडेने उचलला आणि श्वास रोखून जागेवर ठेवला. त्यावर उष्णता ओढणारी वाटाण्याएवढी पेस्ट, वर पंखा. रॅमच्या दोन पट्ट्या टक्‌ करून बसल्या. बारीक वायरी त्यांनी अशा ओळीने बांधल्या की पुतणीने फोटो काढून दुकानातल्या बाईंना पाठवला. दोन तासांनी बटण दाबलं. पंखे फिरले, पण पडदा काळाच.

घड्याळजींनी पुन्हा बटण दाबलं. त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. पुतणीने बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, पडद्याची वायर कुठे खोचलीय बघा. ती मदरबोर्डला खोचली होती, खोचायला हवी होती कार्डाला. धाकटा म्हणाला, "बापाला सोडून आईकडे गेली." बोलताना त्याची जीभ जड झाली होती. वाक्य समजायला दोघांना क्षणभर लागलं, मग पुतणी हसली, आणि हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली.

खेळ सुरू झाला. पडद्यावर पहाटेचा रस्ता होता, दोन्ही बाजूंना ओली झाडं, आरशात मागची गाडी स्वच्छ दिसत होती. घड्याळजींनी धाकट्याचे दोन्ही हात उचलून टेबलाला आवळलेल्या नव्या स्टिअरिंगवर ठेवले. उजवा घसरला. त्यांनी पुन्हा ठेवला आणि वरून आपल्या हाताने दाबून धरला. बोटं मिटेनात. धाकट्याने सगळा जोर लावला, तो त्याच्या मानेत दिसला, बोटांत आला नाही. ट्रक जागचा हलला नाही.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू बस. मी सांगतो."

सायकलपलीकडे काही न चालवलेले घड्याळजी ट्रकवर बसले. पहिल्या वळणाला त्यांनी कठडा तोडला, दुसऱ्याला टोलनाक्याचा खांब. धाकटा शेजारी बसून सांगत होता. दूरचं बघ, बॉनेट काय बघतोस. ब्रेक आधी, मग वळण. तिसऱ्या दिवशी गाडी सरळ रस्त्याला लागली, तेव्हा घड्याळजींना राहवलं नाही. पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "चार महिन्यांपूर्वी घेतलं असतं तर तू चालवला असतास."

 धाकटा म्हणाला, "ते सोड. समोर बघ, चढ आलाय."

असे सात महिने गेले. रोज दुपारी दुकान दोन तास बंद ठेवून घड्याळजी घरी यायचे आणि माल पोचवायचे. हळूहळू त्यांना उलटी गाडी लावता यायला लागली. धाकट्याचे शब्द कमी होत गेले. आधी वाक्यं गेली, मग नुसतं "डावी", "उजवी" उरलं, मग डोळे. पापणी एकदा मिटली की हळू, दोनदा मिटली की थांब. शेवटच्या आठवड्यात तो पडद्याकडे बघत पडून राहायचा आणि घड्याळजी रिकामी गाडी सावकाश चालवायचे, नुसता रस्ता दिसत राहावा म्हणून. एका दुपारी तो गेला. गाडी त्या वेळी नदीकाठच्या रस्त्यावर होती. घड्याळजींनी ती आधी कडेला घेतली, मग उठून त्याच्याजवळ गेले.

महिनाभराने पुतणी बापाचे कपडे आवरायला आली. कॉम्प्युटरवर चादर टाकलेली होती. काकांनी तिला सांगितलं, हा तू घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोर नको. ज्या माणसाला वेळेचं यंत्र कळतं त्याला वेळ कळली नाही, असं काहीसं ते बोलत राहिले. पुतणी घडी घालत होती, ती थांबली.

"मोठे काका, एक सांगू? बाबांनी सांगू नको म्हटलं होतं."

त्या पहिल्या महिन्यातच, तिने सांगितलं, लॅबमधल्या एका जणाकडून तिने जुना जोडलेला कॉम्प्युटर घेतला होता. स्टिअरिंगसकट. एका दुपारी काका दुकानात असताना गाडी करून घरी घेऊन आली. लावून दिला. बाबांनी तासभर चालवला. हातांत अजून थोडा जोर होता तेव्हा. मग म्हणाले, हा परत घेऊन जा.

"मी भांडले त्यांच्याशी. तर म्हणाले, दादाने आयुष्यात कधी स्वतःच्या हौसेने काही घेतलेलं नाही. रोज संध्याकाळी वही घेऊन येतो, बोलतो. त्याचं होऊ दे."

घड्याळजी पलंगाच्या कडेवर बसले. घडी घातलेला एक शर्ट उचलून ते बराच वेळ त्याची कॉलर सरळ करत राहिले. मग सवयीने विचारावं तसं विचारलं, "कार्ड कुठलं होतं त्यात?"

पुतणीने आठवून सांगितलं. दुकानातल्या बाई पहिल्यापासून घ्या म्हणत होत्या, तेच.

"चांगलं आहे ते," घड्याळजी म्हणाले. "चाललं असतं."

पुतणी म्हणाली, मी सांगायला नको होतं. त्यांनी मान हलवली, सांगितलंस ते बरं केलंस. मग विचारलं, तासभर चालवला तेव्हा तो काही बोलला का? पुतणी म्हणाली, नाही, काही बोलले नाहीत, फक्त एकदा खिडकीची काच खाली करायला उजवा हात बाजूला नेला आणि तिथे काच नाही हे लक्षात आल्यावर हसले.

घड्याळजींनी ते पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस जिन्याखालचं दुकान उघडलं नाही. घड्याळं घ्यायला आलेली माणसं काचेवर टकटक करून परत गेली.