पवनीच्या माई आणि न फिरलेलं चाक

सानगडीच्या आठवडी बाजारात पवनीचा एक लुगडीवाला येतो. गेल्या महिन्यात बायकोबरोबर त्याच्या दुकानापुढे बसलो होतो. एकेक घडी उलगडून दाखवता दाखवता तो म्हणाला, "माई गेल्या जी, गुरुजी. तुमाले कळलं नसन." मी विचारलं, "कोणत्या माई?" खरं तर पवनीत माझ्या ओळखीच्या माई एकच होत्या... दुपारी जेवण करून पडल्या, त्या उठल्याच नाहीत, असं त्यानं सांगितलं. सत्तरी कधीच उलटली होती. कुणाकडून सेवा करून घेतली नाही, कुणाला त्रास दिला नाही. बायकोनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. ते आम्ही मग घेतलंही, कारण माईंच्या बातमीवर उठून निघून जाणं माईंनाच आवडलं नसतं.

अनसूयाबाई हे त्यांचं नाव, पण पवनीत लहानथोर सगळे त्यांना माईच म्हणत. घरी सुताचा आणि लुगड्यांचा व्यापार. यजमान अकाली गेल्यावर दुकान त्यांनीच चालवलं, मुलाला वाढवलं, आणि मुलगा गल्ल्यावर बसू लागला तेव्हा दुकानाच्या एका गाळ्याचं भाडं बाजूला काढून आसपासच्या प्राथमिक शाळांना द्यायला लागल्या. रकमा लहानच असत. पण त्या इमारतीला नव्हत्या, गणवेशाला नव्हत्या, बक्षिसांनाही नव्हत्या. पोरांनी स्वतःच्या हातांनी काही करून शिकायचं असेल, तर त्याच्या सामानासाठी होत्या. लोक देवळाला देतात, तुम्ही हे काय काढलं, असं मुलगा मनोहर सुरुवातीला कुरकुरला. त्या त्याला म्हणाल्या होत्या, "देवाजवळ काय कमी आहे बाप्पा?"

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालचा सुमार असेल. मी कोंढ्याजवळच्या एका लहान गावातल्या शाळेत नवखा मास्तर होतो. मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि मनातून मास्तरकीवर रुसलेला. भंडाऱ्याला एका कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती, तिथं अर्ज करून ठेवला होता. चौथीच्या वर्गाला वर्तुळ, त्रिज्या, व्यास शिकवत होतो आणि पोरं खिडकीतून शाळेमागचा पाट बघत होती. गावाच्या बोडीतलं, म्हणजे लहान तळ्यातलं पाणी त्या पाटानं धानाच्या बांध्यांत जायचं. एक दिवस शांता नावाची मुलगी म्हणाली, "गुरुजी, या पाण्यावर चाक फिरन का?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. एका सहकाऱ्यानं सुचवलं, पवनीच्या माईंकडे जा.

माईंकडे अर्ज चालत नसे. दोन पोरं घेऊन यायचं, आणि बोलायचं त्या पोरांनी. मी शांताला आणि तिच्या बाकावरच्या गणपतला घेऊन एसटीनं पवनीला गेलो. माईंनी आधी मुरमुरे-फुटाणे पुढे ठेवले, पोरांना खाऊ दिलं आणि मग विचारलं, "चाक करता म्हणता. तर काय काय बिघडन?" गणपत छाती काढून म्हणाला, "काहीच नाही बिघडत, माई." माई हसल्या. "मग आणखी विचार करून या."

मला राग आला होता. एवढ्या लांब पोरं आणली, आणि हे! पण परतीच्या गाडीत दोघांनी उच्छाद मांडला. बांबू फाटेल, टिनाचे पत्रे गंजतील, पाणीच कमी पडेल, गाईम्हशी येऊन तुडवतील... उतरेपर्यंत त्यांनी इतकी विघ्नं काढली की कंडक्टरसुद्धा त्यात दोन घालून गेला. पुढच्या आठवड्यात माईंनी सगळी ऐकून घेतली आणि पैसे दिले ते शांताच्या हातात, माझ्या नव्हे. अट एकच. या पैशानं आणलेली वस्तू कपाटात कुलपात जायची नाही. का, ते त्यांनी तेव्हाच सांगितलं. लहानपणी त्या दोन यत्ता शिकल्या. शाळेत काचेच्या कपाटात पृथ्वीचा गोल होता. "फिरते म्हणत. मले एकदा फिरवून पाहाचा होता. गुरुजी म्हणत, फुटन." एवढंच म्हणून त्यांनी पोरांच्या खिशांत उरलेले फुटाणे भरले.

सबंध पंधरवडा शाळेमागे ठोकाठोक चालली. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून पाती केली, बांबूच्या आऱ्या, चाकाच्या मधल्या भोकातून घालायला सुताराकडून आणलेला लाकडी कणा. सगळ्या आऱ्या सारख्या का हव्यात, हे मला फळ्यावर सांगावंच लागलं नाही. आमच्या मुख्याध्यापकांना मात्र हे पसंत नव्हतं. पोरं पाटात पडली म्हणजे, हा त्यांचा घोर, आणि तो खोटा नव्हता. पण चाक तयार झाल्यावर त्यांनीच हौसेनं सरपंचांना बोलावलं, गाव गोळा केलं. माईही आल्या.

चाक सकाळीच पाटात बसवून दोरीनं अडवून ठेवलं होतं, लोक जमल्यावर दोरी सोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चाक हललं, अर्धा फेरा कुरकुरत गेलं... आणि थांबलं. गणपतनं हातानं ढकललं, पुन्हा थांबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "यापेक्षा नकाशे घेतले असते!" लोक हसले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, ती नजर अजून आठवते. शांता ओंजळीत तोंड खुपसून रडायला लागली. मी पुढे होऊन काही सारवासारव करणार, तेवढ्यात माईंनी चपला काढल्या, लुगडं वर खोचलं आणि सरळ पाटात उतरल्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत.

"रडून राहिली कायले? इकडे ये. काहून नाही फिरलं, सांग मले."

मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तुमी थांबा जी, गुरुजी." मग पोरंही पाण्यात उतरली. कोणी म्हणे पाती आखूड, कोणी म्हणे पाणी मंद. भांडणच लागलं. सरपंच कंटाळून गेले, गाव पांगलं. शेवटी शांतानं कणा दोन्ही हातांनी पिळून बघितला आणि ओरडली, "माई, लाकूड फुगलं! भोकात आवळून बसलं!" सकाळपासून पाण्यात राहून कणा फुगला होता. माई इतक्या खूश झाल्या, जणू चाक फिरलंच.

संध्याकाळी त्यांना गाडीवर बसवायला गेलो. मी म्हटलं, "माई, पुढच्या खेपेला आम्हाला काही देऊ नका. तुमचे पैसे वाया गेले. मीही आता भंडाऱ्याला जाणार आहे." त्या लुगड्याचा ओला काठ पिळत होत्या. म्हणाल्या, "मी का चाक पाहाले आली होती जी? ते पोट्टे पाण्यात उभे राहून भांडून राहिले होते, तुमी पाहालं नाही का? अशी शाळा मले भेटली असती तं..." गाडी आली. चढता चढता मागे वळून म्हणाल्या, "भोक मोठं करू नका. कणा तासा."

कणा तासला, त्यावर एरंडेल चोळलं. चार-पाच दिवसांनी, कोणी बघायला नसताना, चाक फिरलं. पोरांनी मला एसटी स्टँडवर पळवलं आणि मी कंडक्टरजवळ माईंना निरोप दिला. त्या लगेच आल्या. काठावर बसून बराच वेळ फिरणाऱ्या चाकाकडे पाहत राहिल्या, आणि मग शांताला हळूच विचारलं, "आता हे उलटं फिरवता येईन का?"

कचेरीचं बोलावणं आलं तेव्हा मी गेलो नाही. आईवडिलांना कारण नीट सांगता आलं नाही, पण मला स्वतःला ते पुरेसं होतं. पुढं बदल्या होत गेल्या. करडीला होतो तेव्हा पोरांनी मातीच्या मडक्यांचं जलतरंग केलं, सानगडीला धानाच्या पेंढ्याचं घर बांधलं. दर वेळी दोन पोरं घेऊन पवनीची वारी ठरलेली. माई थकल्या तशा खाटेवरून ऐकत, पण बिघडण्याचं एकही कारण सोडत नसत. मनोहरही अलीकडे शेजारी येऊन बसायचा आणि एखादं कारण आपल्या पदरचं घालायचा.

बाजारातली बातमी कळल्यावर दोन आठवड्यांनी पवनीला गेलो. मनोहर दुकानात होता. मला आत पाठवताना म्हणाला, गाळ्याचं भाडं तसंच चालू राहील, तुम्ही पोरं आणत जा. आत त्याची बायको सुमन ओसरीत तांदूळ पाखडत बसली होती. हातातलं सूप एका अंगानं वाकडं, वीणही कुठं दाट कुठं विरळ. कोणत्या तरी शाळेच्या पोरांनी केलेलं, गाव आता तिलाही आठवेना. "घरात चांगलं सूप आहे जी," ती म्हणाली, "पण माई हेच वापरत. डाव्या अंगानं थोडं उचलून धर म्हणजे सांडत नाही, असं शिकवलं त्यांनी मले. आता दुसऱ्या सुपातही हात तसाच तिरपा होते." बोलता बोलता तिनं डावा हात उचलला. कोंडा उडून अंगणात गेला, चिमण्या उतरल्या, आणि तांदूळ सुपाच्या पोटात एकवट येऊन थांबला. मी उठायला लागलो तर म्हणाली, जेवल्याशिवाय माईंच्या घरून कोणी जात नाही. तोच तांदूळ धुऊन तिनं चुलीवर चढवला. मी बसलो.