फावड्याच्या वजनाचे लाडू

ते फावडं बॅगेतून मी काढलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण लिहिण्याच्या ओघात मी स्वतःची बाजू मांडायला लागतो, ही माझी सवय आता मला ठाऊक झाली आहे. फावडं मी काढलं, मुद्दाम काढलं, आणि पुढचे सात महिने माझ्या बायकोला ते स्वतःच विसरल्याचं वाटू दिलं.

पनवेलमध्ये आमचा भटक्यांचा एक गट आहे. आसपासचे किल्ले चढून झाल्यावर गटाच्या प्रमुखांना हिमालयाचे डोहाळे लागले. ते शाळेतून निवृत्त झालेले व्यायामशिक्षक, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांनी ठरवलं की काश्मीरच्या वरच्या खोऱ्यात स्नोमोबाइलवरून तीन दिवस फिरायचं. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर. पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या आणि मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा. आमच्याकडे भर जानेवारीत पंखा दोनवर ठेवला तर घरातलं कोणीतरी शाल मागतं, हे लक्षात घेता बेत धाडसीच होता.

आणीबाणीच्या सामानाची जबाबदारी सरांनी माझ्या बायकोवर टाकली. गटात एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. तिने महिनाभर वाचन केलं, गाईडशी फोनवर बोलली आणि यादी केली. ओढायचा दोर, गाडीचा जादा पट्टा, शिट्ट्या, विजेऱ्या, बर्फ वितळवायची शेगडी, अंगाची ऊब धरून ठेवणारी चंदेरी पांघरुणं, हातमोज्यांचे जादा जोड, प्रथमोपचाराची पेटी आणि घडीचं फावडं. गाईडकडे एक फावडं असणारच होतं. पण तो सगळ्यांत पुढे असणार आणि गाड्यांची चुकामूक होऊ शकते, म्हणून मागच्या गाड्यांसाठी आपलं वेगळं हवं, असं तिचं म्हणणं होतं. गाडी भुसभुशीत बर्फात रुतली की खणल्याशिवाय सुटत नाही.

हे फावडं घरी आलं तेव्हा तळमजल्यावरचे शेठ जिन्यातच भेटले. त्यांच्या घराण्याची पूर्वी उरणकडे मिठागरं होती. फावडं हातात घेऊन त्यांनी घडी उघडली, मिटली आणि हसायला लागले.

"वयनी, आमी जल्मभर मिठागरात फावडी मारली, तवा कुठं सुटलो. नि तुमी पैसं भरून फावडं मारायला चालल्या?"

"शेठ, तुमचं मीठ होतं, आमचा बर्फ आहे," ती म्हणाली.

"दोनी पांढरंच हाय. पन एक सांगतो, फावड्याबिगर जाऊ नका. हातानं नाय होत ते काम."

मी बाजूला उभा राहून हसत होतो. हेही नोंदवून ठेवतो.

विमानात माणशी पंधरा किलोची मर्यादा होती. बायकोने रद्दीवाल्याकडून त्याचा लटकवायचा काटा दोन दिवसांसाठी मागून आणला आणि दिवाणखान्याच्या दारात टांगला. घरातली प्रत्येक पिशवी त्यावर चढली. माझी हातातली बॅगसुद्धा सुटली नाही. आणीबाणीची बॅग बरोबर चौदा किलो नऊशे ग्रॅम भरली. तिने आकडा यादीवर लिहिला आणि सगळ्या चेनांना देवघरातली नाडाछडी बांधली. "धागा आहे म्हणजे बघून झालंय. आता ही बॅग फक्त गरज पडली तरच उघडायची," असं तिने जाहीर केलं.

अडचण डिंकाच्या लाडवांची होती. माझ्या थोरल्या बहिणीने खास बर्फासाठी म्हणून ते करून पाठवले होते, स्टीलच्या गोल डब्यात. बायकोने डबा काट्यावर ठेवण्याआधीच नापास केला.

"अहो, आपण तीन दिवसांसाठी चाललोय. खायला आहे सगळं. सुकामेवा घेतलाय, चॉकलेटं घेतलीत."

"चॉकलेट म्हणजे काय जेवण आहे का?"

"आणि तुमची बॅग पंधरा किलो दोनशे आहे. आधी तिसरी पॅन्ट काढा, मग लाडवांचं बोला."

तिसरी पॅन्ट मी काढली नाही. मला थंडीची भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती तीन दिवस राजमा खावा लागण्याची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती औषधं आणायला बाजारात गेली. मी आणीबाणीच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्याचा धागा सोडला. फावडं बाहेर काढून काट्याला लावलं. आठशे ग्रॅम. लाडवांचा डबा लावला. आठशे चाळीस. मी एक लाडू खाल्ला. आठशे.

इतकं अचूक काम मी ऑफिसातही कधी केलेलं नाही. डबा कप्प्यात गेला, धागा पुन्हा बांधला गेला आणि फावडं बाल्कनीतल्या कपाटात, तिने आणून ठेवलं होतं त्याच खणात, परत गेलं. मनात म्हटलं, गाईडकडे आहे की एक. निघायच्या सकाळी तिने बॅग पुन्हा काट्याला लावली. चौदा किलो नऊशे. तिने समाधानाने मान हलवली आणि मी घाईघाईने रद्दीवाल्याचा काटा परत करायला निघालो.

तिथे पोहोचल्यावर मी डबा गुपचूप माझ्या पाठपिशवीत घेतला आणि धागा तिसऱ्यांदा बांधला.

दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी ताजा बर्फ पडला होता. गाईड बाकीच्यांना घेऊन पुढे गेला. मागे दोन गाड्या होत्या: एकीवर सर एकटे, दुसरीवर मी आणि बायको. गाडी मी चालवत होतो. मधेच धुकं उतरलं, पुढच्या गाड्यांच्या खुणा दिसेनाशा झाल्या, आणि मी जवळच्या वाटेने जायचं ठरवलं. "अहो, तिकडे नको, तिकडे खोल आहे," हे मागून ऐकू आलं होतं. गाडी सीटपर्यंत खाली गेली.

सर आले, त्यांनी पाहिलं आणि शाळेतल्यासारखे म्हणाले, "उत्तम. आता उतरा. वहिनी, फावडं."

तिने बाजूच्या कप्प्याचा धागा दातांनी तोडला, चेन उघडली आणि आत हात घातला. मग कोपरापर्यंत घातला. मग कप्पा उलटा केला. मग सगळी बॅग बर्फावर रिकामी केली, एकेक वस्तू यादीप्रमाणे मांडून. दोर होता, पट्टा होता, शेगडी होती. मी तिच्याकडे बघत उभा होतो. तोंड उघडलं असतं तर तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. "सर, माझी चूक आहे."

सर ओरडले नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं. आम्ही हातांनी खणायला लागलो. हातांनी ते काम होत नाही, शेठ म्हणाले होते तसंच. शेवटी मी पाठपिशवीतून लाडवांचा डबा काढला, लाडू पिशवीत ओतले, आणि डबा सरांना देऊन झाकण स्वतः घेतलं. दीड तास आम्ही डब्याने आणि झाकणाने बर्फ उपसत होतो. सरांचे हातमोजे भिजले आणि डाव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली. सर ती बोटं चोळायला बघत होते, तर बायकोने त्यांना दटावून थांबवलं, ओले मोजे काढून हात त्यांच्याच काखेत धरायला लावले, मग कोरडे मोजे चढवले आणि वरून चंदेरी पांघरूण गुंडाळलं. हे मोजे आणि पांघरूण तिने आठवणीने घेतले होते. त्याबद्दल नंतर कोणी काही बोललं नाही.

गाईड शोधत परत आला. "बेलचा कहाँ है आपका?" त्याने विचारलं. बायकोने मान खाली घातली. त्याने स्वतःच्या फावड्याने दहा मिनिटांत गाडी मोकळी केली.

मग सगळ्यांनी लाडू खाल्ले. सर म्हणाले, "वहिनींचं फावडं आलं नाही, पण तुमचा डबा आला म्हणून वाचलो!" डबा मी हातातल्या बॅगेतून चोरून आणला, असं बायकोनेही धरलं होतं. मी हसलो. लाडू चांगलेच झाले होते. मी मात्र एकच घेतला आणि पिशवी सरांकडे सरकवली.

घरी आल्यावर तिने चपला काढायच्याही आधी बाल्कनीतलं कपाट उघडलं. फावडं तिथे होतं. तिने ते हातात घेतलं आणि पर्समधून यादी काढली. "मी यादीवर खूण केली होती हो," ती म्हणाली. "वजनही जुळलं होतं. मग कसं?" मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." माझ्या सगळ्या वागण्यात हे वाक्य सर्वांत वाईट होतं.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीन गोष्ट सुरू झाली. बाहेर पडताना ती जिन्यातून परत वर जायची आणि गॅस बंद आहे ना, ते बघायची. तो बंदच असायचा. कुलूप दोनदा ओढायची. भाजीची चिठ्ठी करायची आणि ती चिठ्ठी घेतली का, हे मला विचारायची. एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाली, "माझी आई पण पन्नाशीनंतरच विसरायला लागली होती." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेठ खाली भेटले तेव्हा म्हणाले, "काय वयनी, फावडं चाललं का?" ती जिना चढून गेली, आणि मी शेठना हवापाण्याचं काहीतरी विचारलं.

गटात थट्टा चालू होती. कर्नाळ्याला गेलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, "वहिनी, पाण्याच्या बाटल्या आणल्यात ना? की लाडूवाल्यांना विचारू?" लाडूवाले म्हणजे मी. ती सगळ्यांबरोबर हसायची, पण बाटल्या दोनदा मोजायची.

मग पुढच्या मोहिमेची बैठक ठरली, रविवारी सकाळी, सरांच्या गच्चीवर. बैठकीला निघताना तिने यादीची फाइल पिशवीत ठेवली. "सामानाचं काम आता दुसऱ्या कोणालातरी देऊन टाकते," ती म्हणाली. "माझ्यावर माझाच भरवसा राहिला नाही." वाटेत मी तीन वेळा बोलायला सुरुवात केली आणि तिन्ही वेळा रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "साहेब, किती वेळा डावीकडं? परत तिथंच आलो आपण."

पोहे झाले, चहा आला. तिने फाइल सरांसमोर ठेवली. सर म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका, कोणाचंही होतं असं." आणि फाइल उचलायला त्यांनी हात पुढे केला. डावा हात. बोटं पूर्ण बरी झाली होती, पण मला ती पांढरीच दिसली.

"फावडं मी काढलं होतं," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं: बाजूचा कप्पा, काटा, आठशे चाळीस, खाल्लेला लाडू. एकजण फिस्सकन हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे वजन जुळावं म्हणून तुम्ही लाडू खाल्लात?"

"हो सर."

"एकच?"

"एकच."

"मूर्ख आहात," सर म्हणाले, आणि फाइल तिच्याकडे परत सरकवली. "वहिनी, ही तुमची. आणि पुढच्या वेळी ह्यांचंही वजन करून घ्या, निघताना आणि पोहोचल्यावर." आता सगळेच हसले. मीही हसलो, आणि मला एकदम हलकं वाटलं. संपलं, असं वाटलं.

ती हसली नव्हती. बैठक संपल्यावर आम्ही चालतच निघालो. वडाळे तलावाच्या कठड्यापाशी ती थांबली. फाइल तिने छातीशी धरली होती.

"सगळ्यांना सांगितलंत," ती म्हणाली. "छान सांगितलंत. लोक हसलेसुद्धा. मला कधी सांगितलंत?"

"आत्ताच की. तू होतीस ना तिथे."

"मी तिथे होते. पण तुम्ही सरांना सांगत होतात."

हे खरं होतं. गच्चीवर मी फावड्याबद्दल बोललो होतो, लाडवाबद्दल बोललो होतो. जिन्यातून परत वर जाणाऱ्या तिच्याबद्दल काहीच बोललो नव्हतो. त्यावर कोणी हसलं नसतं. मी कठड्याला हात टेकला. फिरायला आलेली माणसं आजूबाजूने जात होती, त्यामुळे हळू बोलावंसं वाटत होतं, पण मी हळू बोललो नाही.

"तुझी यादी बरोबर होती," मी म्हणालो. "तुझी खूणही बरोबर होती. तू काही विसरली नव्हतीस, आणि आताही काही विसरत नाहीस. गॅस तू दरवेळी बंद केलेला असतो. मला ते माहीत होतं आणि तरी मी तुला जिन्यातून परत वर जाऊ दिलं, सात महिने. फावड्यासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त ह्याच्यासाठी, मला माफ कर."