ब्रेकवरचा पाय

खाडी ओलांडताना फेरीबोटीच्या तांडेलाने आम्हा बापलेकांना हौसेने वर सुकाणूच्या केबिनमध्ये बोलावलं. “धरा काका थोडा वेळ,” म्हणत त्याने चाक बाबांच्या हाती दिलं. बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. धक्का जवळ येऊ लागला तसा त्यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधू लागला.

“इथे ब्रेक नसतो, काका,” तांडेल म्हणाला आणि आम्ही तिघेही हसलो.

परक्या माणसाच्या केबिनमध्ये आपण किती उत्साहाने चढतो. बाबांचा ब्रेकवरचा पाय मी आज पहिल्यांदा पाहिला, तोही ब्रेक नसलेल्या बोटीत. कॉलेजला मी त्यांच्याच गाडीने जायचो, पण मित्रांना कळू नये म्हणून शेवटच्या सीटवर बसायचो. आरशातून ते मला शोधू लागले की मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायचो.