तात्यांचं काळेवाडी ओपनिंग

बुद्धिबळं खेळणारी माणसं गप्प असतात, हा गैरसमज आहे राव! एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास पिंपरीच्या आमच्या कारखान्यात, कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाभोवती जेवढी तोंडं चालायची तेवढे मोहरे चालत नसत. त्यामुळे आता डाव एकही आठवत नाही, किस्से मात्र संपत नाहीत.

*

आमचे वस्ताद गणपततात्या. काळेवाडीचे, बॉयलरवर कामाला. सगळी हयात देशी पद्धतीनं खेळलेले. देशीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. स्पर्धांमध्ये विलायती नियम आले आणि ते दोन घरं जाऊ लागलं.

तात्या म्हणाले, "येवढी घाई हाय तर सायकल द्या की त्याला!"

*

फिटर उस्मानचा वजीर एकदा फुकट गेला. मी हळहळलो.

"बरं झालं भाऊ," उस्मान म्हणाला. "तो असला की राजा आळशी होतो!"

*

टेबल अडतं म्हणून कँटीन मॅनेजर सप्रे कायम करवादलेले. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "यंदा कारखान्यांच्या स्पर्धेत देहूरोडच्या संघाकडून हरलात, तर टेबल कॅरमवाल्यांना!"

आमची तोंडं उतरली. तात्या शांतपणे म्हणाले, "च्याचं आधण ठिवा. जिंकून येतो."

*

फायनल कासारवाडीच्या शाळेत. बाकीचे डाव बरोबरीत सुटले. उरला तात्यांचा. समोर देहूरोडचे देशपांडेसाहेब, विलायती पुस्तकं तोंडपाठ! साहेब भराभर चाली करत होते आणि तात्या सवयीनं एकेक प्यादं एकेक घर सरकवत होते.

"हे कुठलं ओपनिंग?" साहेबांनी विचारलं.

"काळेवाडीचं."

पण पुढे तात्यांची पार कोंडी झाली. टेबल गेलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात तात्यांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला! देशीत राजाला डावात एकदा ही मुभा असते. विलायतीत नसते.

पंच कडाडले, "ही चाल रद्द! पण हात लावलाय, आता राजाच हलवावा लागेल."

राजाला जायला एकच घर होतं. उस्माननं डोळे मिटून घेतले. तात्यांनी राजा मुकाट्यानं बाजूच्या घरात ठेवला. राजा हलताच त्याच्या मागे उभ्या हत्तीची वाट मोकळी झाली, थेट साहेबांच्या राजापर्यंत. शह! आणि त्या राजाला पळायला घरच नाही. मात!

साहेबांनी हत्तीची वाट बोटानं पुन्हा तपासली.

"तात्या, खरं सांगा. ही मात तुम्ही आधी पाहिली होती?"

तात्यांनी टोपी सारखी केली.

"का? तुमी न्हवती पाहिली?"